चार मिलिमीटर

साळूबाईची उंची चार फूट आठ इंच. हे तिला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर ती नुसती बुटकी होती.

लग्नात हार घालताना कोंडीरामाला इतकं वाकावं लागलं की वऱ्हाडात हशा पिकला. थोरली जाऊ दगडाबाई तिथंच म्हणाली, "बरं झालं, लुगडं कमी लागंल." लुगडं नऊवारच लागलं. निऱ्यांचा बोंगा तेवढा मोठा झाला. पुढं कोंडीराम गेला, पोरगा पंकज दुधाच्या टँकरवर लागला, सून आली, नात झाली. साळूबाई आहे तेवढीच राहिली. शिंक्यावरचं काढायचं असलं की ती पाट घ्यायची, अन् पाटावर उभं राहूनही पुरलं नाही तर ते काढायची नाही.

गाव प्रवरेच्या काठी, संगमनेरहून एसटीनं अर्ध्या तासावर. गावाबाहेर नदीच्या अंगाला पांढरीचं टेकाड आहे. पूर्वी लोक घरावर टाकायला तिथली माती आणायचे. मातीत खापरं निघायची, ती पोरं नदीत भिरकावायची. तीन हिवाळ्यांमागं पुण्याहून वृषाली मॅडम आल्या, तंबू ठोकले, दोऱ्या बांधून चौकोन आखले, अन् गावाला कळलं की आपण एवढी वर्षं साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव डोक्यावर वाहून घरावर टाकत होतो.

बाया कामाला घेतल्या त्यात साळूबाई अन् दगडाबाई होत्या. दगडाबाई घमेली उचलायला. साळूबाईला मॅडमनी खड्ड्यात उतरवलं. काम दिवसभर वाकून, अन् साळूबाईला वाकायला फार लांब जावं लागत नसे. शिवाय चाळीस वर्षं कांद्याचं खुरपण केलेला हात. काय काढायचं अन् कशाला धक्का लावायचा नाही, हे त्या हाताला सांगावं लागलं नाही. महिन्याभरात बांबूची काडी अन् ब्रश घेऊन ती बरगडी न बरगडी मोकळी करायला लागली. शिकून आलेली पोरं तिच्या शेजारी बसून बघायची.

पहिला अख्खा सांगाडा निघाला तेव्हा सगळ्या बाया कामं टाकून काठावर जमल्या. बाईमाणूस होतं. उताणी, हात अंगालगत. घोट्याच्या वरून दोन्ही पाय नव्हते.

"पाय कुठं गेलं?" दगडाबाईनं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "तेव्हा माणूस गेलं की राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. आणि पाय तोडायचे. का, ते नक्की कुणाला माहीत नाही. मेलेल्यानं उठून कुठं जाऊ नये म्हणून, असं काही जणांना वाटतं."

"घरातच पुरलीया. मग जानार कुठं?"

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

त्या बाईला सात नंबर दिला होता. तिची हाडं वाळवून मॅडमनी मोजायला घेतली. एक लांब फळी, एका टोकाला उभी पट्टी, दुसरी पट्टी सरकती. मांडीचं हाड त्यात आडवं ठेवलं, पट्टी सरकवली, आकडा लिहिला, गुणलं, मिळवलं, अन् म्हणाल्या, "एकशे छप्पन सेंटीमीटर."

"पाय न्हाईत तरी?" साळूबाईनं विचारलं.

"मांडीचं हाड सांगतं. पायांची गरज नाही."

साळूबाईला हे पटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "मंग माजी किती?"

तेव्हा तिला ते चार फूट आठ इंच कळले. मॅडमच्या भाषेत एकशे बेचाळीस.

"म्हंजी ही साडेतीन हजार वर्सामागची बाई माज्यापरीस आठ बोटं उंच?"

"जवळजवळ."

"बघ," दगडाबाई वरून म्हणाली, "मेलेल्यात बी तू बुटकी."

मॅडमचा अभ्यासच तो होता. टेकाडाच्या खालच्या थरातली माणसं उंच निघत होती. नंतरच्या, वरच्या थरातली चार-पाच सेंटीमीटरनं कमी. नदीचं पाणी आटलं असावं, पीक घटलं असावं, पोरांना पोटभर मिळेनासं झालं. माणूस पुरता वाढायच्या आधी उपाशी राहिला की हाड तिथंच थांबतं. दातावर आडवी रेघ उमटते. वरच्या थरातल्या एका पोरीच्या दातावर मॅडमनी तशा तीन रेघा दाखवल्या. तीन वाईट वर्षं.

साळूबाई त्या रेघांकडं बराच वेळ बघत बसली. मग तिनं पदरानं स्वतःचे दात पुसले अन् तोंड उघडलं.

"बघा बरं माज्या."

मॅडमनी वाकून बघितलं. "साळूबाई, मिश्रीच्या थरात काही दिसत नाही."

मग साळूबाई नदीवर गेली, राख घेऊन दात घासले, चूळ भरली, परत आली. आता दिसत होतं. खालच्या सुळ्यावर एक रेघ.

"किती सालची?" साळूबाईनं विचारलं, जशी काही मॅडमनी तारीखच सांगावी.

"तुम्ही चार-पाच वर्षांच्या असतानाची असेल."

म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची अन् साळूबाई खडीच्या ढिगावर बसायची. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर, ती पण रोज नाही. सुकडी मिळायची तेव्हा आई स्वतःची तिच्या पुढ्यात सरकवायची. ते सगळं साळूबाई विसरून गेली होती. दातानं लिहून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून तिला आपल्या उंचीचा राग राहिला नाही. कोंडीरामाला हे सांगायला पाहिजे होतं, असं तिला वाटलं, पण तो गेल्याला बारा वर्षं झाली होती.

मॅडमना जिवंत माणसंही मोजायची होती. मेलेली काय खाल्लं ते सांगत नाहीत, जिवंत सांगतात. एका घरातल्या तीन पिढ्यांच्या बाया हव्या होत्या. साळूबाईनं सून सुमनला अन् नात निकिताला टेकाडावर आणलं. सुमन निघाली एकशे पन्नासला थोडी कमी. निकिता एकशे चौपन्न पॉइंट सहा.

"बघा साळूबाई," मॅडम खूश झाल्या, "दोन पिढ्यांत बारा सेंटीमीटर! अंगणवाडीची खिचडी, शाळेतलं जेवण, अंडी, दूध..."

दूध साळूबाईचं होतं. नात रांगायला लागल्यापासून तिनं डेअरीत घालायच्या दुधातलं अर्धा लिटर रोज मागं ठेवलं होतं. त्यावरून सुनेशी चार वेळा अन् पोराशी एकदा भांडण झालं होतं. पण मॅडम कौतुक करत होत्या, अन् निकिता मात्र रडायला लागली होती.

"काय गं?"

"आजी, भरतीला एकशे पंचावन्न लागतंय."

निकितानं पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता. दीड वर्ष ती टेकाडाशेजारच्या रस्त्यानं पळत होती, गोळा फेकत होती, पुस्तकं पाठ करत होती. गावात कुणीतरी दाराच्या चौकटीला टेप लावून तिला एकशे छप्पन सांगितलं होतं, चप्पल घालून. चार मिलिमीटर कमी. भरती पुढच्या महिन्यात.

साळूबाईनं नातीकडं बघितलं, मग मॅडमकडं. "मॅडम, हाड वाढवायचं काय औशीद?"

"वीस वर्षांची आहे ती. हाडांची वाढ संपली."

"मंग मांसाची?"

मॅडम हसल्या. मग विचार करून म्हणाल्या, "एक आहे. पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात. दिवसभर उभं राहून, चालून, ओझं उचलून त्या दबतात. रात्री झोपलं की परत फुगतात. सकाळी उठल्या उठल्या प्रत्येक माणूस सेंटीमीटरभर उंच असतो. संध्याकाळी तेवढा कमी. आत्ता दुपारचे चार वाजलेत."

साळूबाईनं ते ऐकून घेतलं. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, मोजून बघायचं, हे ती टेकाडावर शिकली होती. मॅडमकडून एक जुनी टेप मागून घेतली, भिंतीला ओळंबा लावून उभी रेघ मारली, अन् निकिताला सकाळ-संध्याकाळ तिच्यापाशी उभी करायला लागली. सकाळी एकशे पंचावन्न पॉइंट पाच. संध्याकाळी एकशे चौपन्न पॉइंट दोन. दहा दिवस तेच. मध्येच खात्री म्हणून दगडाबाईला उभी केली. तीही सकाळी एक सेंटीमीटरनं जास्त भरली.

"एवढी मी वाढती रोज?" दगडाबाई म्हणाली. "अन् जाती कुठं?"

"तुज्या घमेल्याखाली."

मग घरात नियम झाले. निकितानं हंडा उचलायचा नाही. भारा आणायचा नाही. शेवटचे आठ दिवस पळायचंही नाही.

"आजी, उंचीनंतर आठशे मीटर पळायचंय. ते काय झोपून काढू?"

"आधी आत तर जा. बाहेर राहून कुठं पळनार? एसटी स्टँडावर?"

मोठा प्रश्न नगरला जायचा होता. भरतीची वेळ सकाळी नऊची, रस्ता शंभर किलोमीटरचा, त्यात उसाच्या ट्रॅक्टरांनी खड्डे पाडलेले. एसटीत बसून गेली तर प्रत्येक खड्ड्याला चकत्या दबणार. निकिता म्हणाली, आदल्या दिवशी जाऊन मैत्रिणीकडं सावेडीत राहीन. साळूबाई म्हणाली, परक्या घरात झोप लागत नाही, झोप नाही तर चकती फुगत नाही. तिनं ठरवलं, पोरगी घरून झोपूनच जाणार.

दगडाबाईचा पोरगा सूर्यभान छोट्या हत्ती टेम्पोतून भाजीपाला वाहायचा. त्यानं क्रेट काढले. साळूबाईनं खाली भुश्याची पोती टाकली, वर दोन गाद्या. हाडं पुण्याला पाठवताना ती कशी भरायची ते तिनं पन्नास वेळा बघितलं होतं, स्वतः भरलीही होती. हलता कामा नये, हे पहिलं. म्हणून तिनं वाळूच्या बारक्या पिशव्या शिवल्या अन् उजाडता उजाडता निकिताला अंथरुणावरून उठू न देता चौघांनी चादरीसकट उचलून टेम्पोत ठेवलं, अन् दोन्ही अंगांनी त्या पिशव्या ठासून बसवल्या. मान, कंबर, गुडघे. थंडी होती म्हणून वरून पांढरी चादर.

"आजी, हलता येईना."

"हलायचं न्हाईच हाय."

साळूबाई उशाशी बसली, दगडाबाई पायथ्याशी. गाडी निघाली. वेशीपाशी सकाळचे फिरायला निघालेले दोघेजण रस्त्याच्या कडेला थांबले अन् हात जोडून उभे राहिले. लोणीच्या पुढं एका मोटारसायकलवाल्यानं गाडीचा वेग कमी केला, अन् बराच वेळ तो मागंच राहिला, ओलांडून गेला नाही.

राहुरीला सूर्यभाननं चहासाठी गाडी उभी केली. टपरीवरचा एक म्हातारा ग्लास हातात घेऊन जवळ आला. टोपी काढली.

"कधी झालं?"

"नऊला हाय," दगडाबाई म्हणाली.

"माती?"

"न्हाई, माप."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याला काही उमगलं नाही, पण अशा वेळी जास्त विचारू नये एवढं त्याला कळत होतं. "वय काय हुतं?"

"वीस."

"अरेरे."

"आजी," चादरीखालून आवाज आला, "मलापण चहा."

म्हातारा दोन पावलं मागं सरकला. चहा त्याच्या धोतरावर सांडला. साळूबाई निकिताला म्हणाली, "चहा प्यायला बसावं लागंल. बसली की दबली. पडून ऱ्हा."

मैदानाच्या फाटकाशी पावणेनऊला पोचले. घरच्यांना आत सोडत नव्हते. साळूबाईनं पिशव्या काढल्या, निकिताला कुशीवर होऊन हळू उठायला लावलं. ती उतरली अन् आत गेली. तारेच्या कुंपणातून लांब मांडव दिसत होता, त्याखाली रांग, रांगेच्या टोकाला मापाचा खांब. साळूबाई कुंपणाला नाक लावून उभी राहिली. तिची उंची कुंपणाच्या मधल्या तारेइतकी होती, त्यामुळं वरच्या अन् मधल्या तारेतून बघायला ती टाचा उंचवायची अन् मधल्या अन् खालच्या तारेतून बघायला वाकायची. दोन्हीकडून सारखंच दिसत होतं.

चाळीस मिनिटांनी निकिता आली. लंगडत.

"एकशे चौपन्न पॉइंट आठ."

"असं कसं? सकाळी आपन..."

"डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, आजी. गुडघ्याला पिशवी दाबून बसली होती ना अडीच तास. साहेब म्हणाले, ताठ उभी राहा. मला वाटलं राहिलेच आहे. पाय वाकडाच होता. टेकत पण नव्हता."

पिशव्या कुणी शिवल्या, कुणी ठासल्या, हे सगळ्यांना माहीत होतं. सूर्यभान गाडीच्या टायरकडं बघत राहिला. साळूबाईनं सात नंबरलाही अशाच पिशव्या लावल्या होत्या. तिनं तक्रार केली नव्हती.

"अपील करता येतं," निकिता डोळे पुसत म्हणाली. "मी अर्ज दिलाय. एक वाजता परत मोजणार. एकदाच. पण एक वाजेपर्यंत मी अजून खाली येईन."

साळूबाईनं कनवटीचा मोबाईल काढून मॅडमना लावला. "मॅडम, दबलेली चकती परत फुगायला किती वेळ?"

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "दोन-तीन तास सपाट पडू द्या. पाय थोडे वर. आणि साळूबाई, पिशव्या लावू नका."

"न्हाई लावत," साळूबाई म्हणाली. फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा, नातीकडं बघत, "न्हाई लावत."

कुंपणाबाहेर लिंबाचं झाड होतं. साळूबाईनं गादी तिथं आणून टाकली अन् निकिताला उताणी निजवली. पोटऱ्यांखाली भुश्याचं पोतं. दर पाच मिनिटांनी ती विचारायची, "मुंग्या?" निकिता म्हणायची, "नाही." अर्ध्या तासानं निकिता म्हणाली, "आजी, तू विचारतेस म्हणून यायला लागल्यात." मग साळूबाई गप्प बसली अन् डाव्या पायाची बोटं चोळत राहिली.

अपीलवाल्या आणखी पोरी होत्या. एक पाथर्डीकडची, कपाळाला आठ्या घालून येरझाऱ्या मारत होती. तिनं विचारलं, "आजी, हिला काय झालं?"

"काय न्हाई. वाढतीया."

साळूबाईनं तिला चकतीचं सांगितलं. ती पोरगी निकिताशेजारी आडवी झाली. मग तिची मैत्रीण. मग पुणतांब्याची एकजण, तिच्याबरोबर तिचा बाप. तो म्हणाला, असलं काही नसतं, अन् मग स्वतःच गाडीतली सतरंजी घेऊन आला. बारा वाजता झाडाखाली सात पोरी ओळीनं उताण्या पडल्या होत्या, हात अंगालगत. साळूबाई दोघींमध्ये वीतभर जागा सोडत फिरत होती, एखादीची मान सरळ करत होती. सावली सरकली की सगळी ओळ सरकवायची.

फाटकावरची पोलीसबाई काठी टेकत आली. "काय चाललंय हे? चक्कर आली का यांना?"

"न्हाई बाई. पडल्यात."

"का?"

"उभं ऱ्हायचंय म्हनून."

पोलीसबाईनं ओळीकडं बघितलं. तीही काही फार उंच नव्हती. जाताना हळूच म्हणाली, "आत जाताना घाई करू देऊ नका. हळू चाला म्हणावं."

पावणेएकला साळूबाईनं निकिताला उठवलं. आधी कुशीवर, मग हात टेकून. दोन्ही पाय आपटून बघायला निकितानं एक पाय उचलला, तशी साळूबाई ओरडली, "आपटू नको!" मग निकितानं पाय नुसते टेकवून बघितले. दोन्ही होते.

"टाच मागं टेकव," साळूबाई म्हणाली. "हनवटी वर न्हाई करायची, त्यानं कमी भरतं. सरळ समोर बघायचं. अन् श्वास भरून घे."

"माहितीय, आजी."

"माहिती सकाळी बी हुतं."

सातजणी हळूहळू चालत आत गेल्या. दगडाबाई अन् साळूबाई कुंपणाशी उभ्या राहिल्या. दगडाबाई उंच, ती मधल्या तारेवरून बघत होती.

"काय दिसतं गं?"

"उभी केली. पट्टी खाली आली. वर गेली. परत खाली आली."

"परत का?"

"मला काय इचारती, मी हाय का तिथं? आता सायेब लिवतोय."

निकिता मांडवातून निघाली ती धावत सुटली, अन् मध्येच आठवण होऊन चालायला लागली. कुंपणाशी येईपर्यंत ती तशीच चालत आली, ताठ, डोक्यावर काहीतरी ठेवल्यासारखी.

"एकशे पंचावन्न पॉइंट एक."

दगडाबाईनं साळूबाईच्या पाठीत थाप मारली. साळूबाई हलली नाही.

"लिवलं का त्यांनी?"

"लिहिलं."

"तुजी सही घेतली?"

"घेतली."

"अन् आता परत मोजत्यात का?"

"नाही आजी. झालं ते झालं. आता तीन वाजता आठशे मीटर."

सातजणींपैकी तिघी पास झाल्या. पाथर्डीची त्यात होती. पुणतांब्याची नव्हती. तिचा बाप सतरंजी झटकून, घडी करून गेला. साळूबाई त्याच्यामागं चार पावलं गेली, अन् परत आली.

तीनला शिट्टी झाली. मैदानाच्या त्या टोकाला पोरी सुटल्या. आठ दिवस न पळालेली निकिता पहिल्या फेरीला मागं होती, मग मधी आली, मग पुढच्या घोळक्यात. पाय जोरानं आपटत होते, धूळ उठत होती. प्रत्येक पावलाला पोरगी केसभर दबत असणार, हे साळूबाईला माहीत होतं. तिनं कुंपणाची तार घट्ट धरली अन् ओरडली, "पळ!"